बांधावरचा कुडा : ओळख, वस्ती आणि उपयोग



या पानावर आपण नेहमी उसाच्या जाती, बेणेप्रक्रिया, खताच्या मात्रा आणि पाणीपाळ्या यांविषयी वाचता. या वेळी आम्ही उसाच्या सरीतून बाहेर पडून बांधावर येत आहोत. बांधावर, ओढ्याच्या काठी आणि माळाच्या कडेला जी झुडपे उभी असतात त्यांना आपण सरसकट ‘रान’ म्हणतो, आणि हंगामापूर्वी साफसफाई करताना कोयता किंवा यंत्र लावून मोकळे होतो. त्या रानात कोण उभे आहे हे पाहण्याची सवड कोणाला? परंतु त्यातलेच एक झुडूप असे आहे, की ज्याचे नाव आपल्या वाडवडिलांच्या तोंडी होते, ज्याची साल वैद्याच्या दुकानात आजही विकत घ्यावी लागते, आणि ज्याची चुकीची साल घेतली तर पैसा वाया जातो, शिवाय दुखणे आहे तिथेच राहते. हे झुडूप म्हणजे कुडा.

घाटावरच्या सभासदांना कुडा पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या डोंगरपट्ट्यात भेटतो. घाट उतरून वैभववाडी-कणकवलीला गेले की तो अधिक दिसू लागतो, आणि थेट मालवणच्या किनारपट्टीपर्यंत त्याची सोबत सुटत नाही. कुड्याचा खरा घरोबा पाहायचा तर तो सिंधुदुर्गातच पाहावा. म्हणून या लेखात आम्ही मुख्यतः तिकडचाच कुडा डोळ्यांपुढे ठेवला आहे.

नाव आणि कुळ

संस्कृतात याला कुटज म्हणतात. मराठीत पांढरा कुडा, आणि त्याच्या बियांना कडू इंद्रजव किंवा नुसते इंद्रजव. बी दिसायला जवाच्या दाण्यासारखे लांबट, म्हणून ‘जव’. इंद्राचे नाव का, तर त्याला एक कथा आहे. राम-रावण युद्धात पडलेल्या वानरांना उठविण्यासाठी इंद्राने अमृत शिंपडले, त्याचे थेंब जेथे जमिनीवर पडले तेथे कुडा उगवला, असे सांगतात. कथा कथेच्या जागी. पण जुन्या लोकांनी या झाडाला किती मान दिला होता ते तिच्यावरून कळते. कालिदासाच्या मेघदूतातला यक्ष आषाढाच्या मेघाचे स्वागत करतो तेही कुटजाच्या ताज्या फुलांनीच.

वनस्पतिशास्त्रात याचे आजचे नाव होलऱ्हिना प्युबेसेन्स. जुन्या पुस्तकांतून होलऱ्हिना अँटिडिसेंटेरिका असे नाव आढळते, त्याचा अर्थच मुळी ‘आमांशावरचा’ असा आहे. हे झाड करवीर कुलातले. कण्हेर, सदाफुली, चाफा, सर्पगंधा आणि आपली करवंदाची जाळी ही सगळी त्याचीच भावकी. या कुळाची खूण म्हणजे चीक. पान तोडले की पांढरा चीक येतो. आता याच भावकीत गोड करवंदही आहे आणि जीव घेणारी कण्हेरही आहे, हे पुढचे वाचताना ध्यानात ठेवावे.

कोठे आढळतो

मालवण तालुक्याची जमीन दोन तऱ्हांची. समुद्राला आणि खाडीला लागून वाळूची, गाळाची पट्टी. तिथे माड आणि भातशेती. थोडे आत गेले, की जांभ्या दगडाचा उंचवटा सुरू होतो. वर सपाट कातळाचा सडा आणि त्याच्या उतारावर लाल, मुरमाड, पातळ माती. कुडा या उतारावरचा रहिवासी. चौके-धामापूरकडे जा, कट्ट्याकडे जा, नाहीतर मसुरे-आचऱ्याच्या बाजूला जा. रस्त्याच्या कडेला, गडग्याच्या आधाराने आणि काजूच्या बागेच्या हद्दीवर तो उभा असतो. खाऱ्या पाण्याला मात्र तो लागत नाही. खाडीच्या चिखलात तिवर उभी राहतील, कुडा नाही.

पावसाळ्यात या भागात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि जांभ्याची जमीन तो धरून ठेवत नाही. दिवाळीनंतर वरचा थर कोरडा पडू लागतो आणि मार्चमध्ये कातळ तापतो. चार महिने पाण्याचा मारा आणि आठ महिने कोरड, असे हे राहणे. यावर कुड्याने तोड काढली ती अशी : उन्हाळा चढू लागला की पाने गाळून टाकायची आणि मुळांच्या जोरावर थांबायचे. म्हणूनच याला पानझडी झुडूप म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुडा पाहिला तर वाळल्यासारखा वाटतो. नवखा माणूस ‘मेलेलं झाड आहे’ म्हणून सरपणाला तोडतो. मेलेले नसते ते, झोपलेले असते.

दुसरी गोष्ट, चीक कडू असल्याने गुरे-शेळ्या याला सहसा तोंड लावत नाहीत. चराऊ माळावर बाकीचे सारे खाऊन फस्त होते आणि कुडा तेवढा राहतो, त्याचे कारण हेच. तोडला तरी बुंध्यापासून नवे फुटवे येतात, मुळांपासूनही धुमारे फुटतात. वणव्यात वरचा भाग जळाला तरी बहुधा पावसाळ्यात पुन्हा फुटतो. सारख्या तोडीमुळेच कुडा बहुतेक ठिकाणी पुरुषभर उंचीचे झुडूप म्हणून दिसतो. त्याला सुखाने वाढू दिले, तर वीस-तीस फुटांचे लहानसे झाड होते.

झाडाची ओळख

साल : कोवळेपणी करडी, जुनी झाली की खडबडीत, आणि तिचे लहान लहान पापुद्रे सुटतात. चव अतिशय कडू.

पान : समोरासमोर जोडीने येते. देठ अगदी आखूड, जवळजवळ नसल्यासारखा. पान रुंद, लंबगोल, टोकाला निमुळते. चांगल्या फांदीवर वीतभर आणि त्याहून मोठेही असते. मधल्या शिरेपासून निघणाऱ्या बाजूच्या शिरा ठळक दिसतात.

फूल : एप्रिल-मेमध्ये नव्या पालवीबरोबर फांद्यांच्या टोकाला पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. पाकळ्या पाच, खाली बारीक नळी, वास मंद. पाऊस लागून जून-जुलै उजाडला तरी काही झाडांवर फुले असतात. सड्यावर अजून गवताची काडी हिरवी नसते, तेव्हा हा पांढरा बहर दुरून उठून दिसतो.

शेंग : प्रत्येक फुलामागे दोन शेंगा, बारीक, लांब, खाली लोंबणाऱ्या. लांबी एक फूट ते दीड फूट. हिरव्या शेंगेवर पांढरे ठिपके असतात. थंडीत शेंगा पिकतात, उन्हाळ्याच्या तोंडाला तडकतात आणि आतल्या बिया उडू लागतात. प्रत्येक बीला तपकिरी झाक असलेल्या रेशमी केसांचा झुपका असतो. तो वाऱ्यावर तरंगतो आणि बी दूर जाऊन पडते. लहान पोरे ज्याला ‘म्हातारी’ म्हणतात त्याच जातीचा हा प्रकार.

पांढरा कुडा आणि काळा कुडा

आता येतो कळीचा मुद्दा. ‘कुडा’ हे नाव एकाच झाडाचे नाही. काळा कुडा म्हणून दुसरे झाड आहे. त्याचे शास्त्रीय नाव राइटिया टिंक्टोरिया, आणि त्याच्या बियांना गोडे इंद्रजव म्हणतात. तिसरा तांबडा कुडा, त्याची पाने लवदार असतात. तिन्ही एकाच करवीर कुलातले, तिघांनाही चीक, तिघांच्याही शेंगा जोडीच्या. पण मुरड्या-आमांशावर ज्याचा गुण सांगितला तो पांढरा कुडा. बाजारात मात्र साल वाळून तुकड्यांत आली की सगळेच कुडे एक होतात. कधी अजाणता, कधी जाणूनबुजून, काळ्या कुड्याची साल पांढऱ्याच्या नावाने विकली जाते. तेव्हा ओळख झाडावरच पटवून घ्यावी. फरक असा :

१) शेंग : पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा सुरुवातीपासून सुट्या. काळ्या कुड्याच्या दोन शेंगांची टोके कोवळेपणी एकमेकींना चिकटलेली असतात, चिमट्यासारखी, आणि पुढे सुटतात.

२) फूल : पांढऱ्या कुड्याच्या फुलाच्या तोंडाशी काही नसते, नळी साधी. काळ्या कुड्याच्या फुलाच्या मध्यभागी पांढऱ्या झालरीसारखे तुरे असतात.

३) पान : पांढऱ्याचे मोठे व रुंद. काळ्याचे त्यामानाने लहान, आणि वाळताना काळसर-निळसर पडते. त्याच्या पानांपासून एके काळी निळीसारखा रंग काढीत. ‘टिंक्टोरिया’ या नावाचा अर्थही रंग देणारा असाच आहे.

४) साल : पांढऱ्याची खडबडीत आणि पापुद्रे सुटणारी, काळ्याची बरीच गुळगुळीत.

५) बी : पांढऱ्याचे फार कडू, काळ्याचे तसे नाही, म्हणूनच एक कडू इंद्रजव आणि दुसरे गोडे. बीवरचा केसांचा झुपका पांढऱ्यात तपकिरी झाकेचा, काळ्यात शुभ्र.

यातल्या एकाच खुणेवर भरवसा ठेवू नये. निदान दोन-तीन खुणा जुळल्या म्हणजे खात्री समजावी. आणि ओळख पटविण्यासाठी अनोळखी झाडाचे बी किंवा साल तोंडात घालून पाहू नये. भावकीत कण्हेर आहे हे वर सांगितलेच आहे.

एका नावाने घातलेला घोळ

ही सरमिसळ आजची नाही, आणि फक्त आपल्या बाजारातलीही नाही. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच आपला औषधींवरचा ग्रंथ छापला. त्यात आमांशावर चालणाऱ्या एका मलबारी वनस्पतीचे वर्णन आहे. ती कुडाच असावी असे जाणकार मानतात. पुढे डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाचा पहिला खंड १६७८ साली ॲम्स्टरडॅमला निघाला, त्यात हे झाड ‘कोडागा पाला’ या नावाने आले. त्यातून युरोपात या सालीला मागणी आली.

१७५३ साली लिनियसने झाडांना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा ‘आमांशावरचा’ हे विशेषण त्याने ज्या नावाला जोडले, त्या एका नावाखाली निरनिराळे कुडे एकत्र झाले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट ब्राउन याने राइटिया ही जात निराळी काढली. पण मधल्या काळात खऱ्याबरोबर खोटी साल जहाजातून जात राहिली. खोट्या सालीने गुण येईना. मग दोष कोणाला? दोष कुड्यालाच. युरोपातल्या डॉक्टरांचा विश्वास उडाला आणि औषध मागे पडले. चांगल्या मालात हिणकस माल मिसळला की सगळ्या मालाचीच पत जाते. दुधाच्या संस्थेत आणि गुळाच्या पेठेत हे आपण पाहिलेच आहे.

या सालीतला मुख्य क्षार कोनेसिन, तो हेन्स या संशोधकाने १८५८ साली वेगळा केला. पुढे १९२० च्या दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि इतर संशोधकांनी कुड्याच्या सालीतील क्षारांची अमिबाच्या आमांशावर कसून तपासणी केली, आणि काही काळ ही औषधे डॉक्टरही देत असत. नंतर मेट्रोनिडॅझोलसारखी अधिक खात्रीची औषधे आली. शिवाय शुद्ध कोनेसिन पोटात गेले तर काही रोग्यांना झोप न लागणे, हातपाय थरथरणे, बेचैनी असे त्रास होत. त्यामुळे ते मागे पडले. झाडाचे औषध म्हणजे निर्धोक, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

औषधी उपयोग : किती आणि कुठपर्यंत

चरकसंहितेत कुड्याच्या सालीला कफ, पित्त व रक्त आवरून धरणाऱ्या द्रव्यांत श्रेष्ठ मानले आहे. कोकणात मुळाच्या सालीला ‘कुड्याचे पाळ’ म्हणतात. मालवणकडच्या घरात पोट बिघडले तर म्हातारी माणसे सहज म्हणतील, ‘मुरडा मारता? मगे कुड्याचा पाळ उगाळून घे.’ सहाणेवर ताकात उगाळून ते थोडेसे देण्याची रीत आहे.

आयुर्वेदातले कुटजारिष्ट बहुतेकांनी पाहिले असेल. त्यात आपल्या धंद्याचा भाग आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. कुड्याच्या मुळाची साल, मनुका, मोहाची फुले आणि शिवणीची साल यांचा काढा करतात. तो गाळून त्यात गूळ आणि धायटीची फुले घालतात आणि भांड्याचे तोंड बंद करून ठेवून देतात. धायटी हेही सह्याद्रीच्या उतारावरचे पानझडी झुडूपच, लाल फुलांचे. त्या फुलांबरोबर नैसर्गिक किण्व आत जाते, ते गुळातली साखर खाते आणि हळूहळू थोडे मद्यार्क तयार होते. त्या मद्यार्कात औषधी गुण उतरतो आणि औषध टिकतेही. म्हणजे आसवनीत मळीचे जे होते तेच येथे मडक्यात होते, फरक प्रमाणाचा आणि हेतूचा. गुळाशिवाय हे अरिष्ट नाही. रानातली साल आणि उसाचा गूळ यांची ही गाठ शेकडो वर्षांची आहे.

आता मर्यादा. एक, कुड्याचा गुण सांगितला आहे तो मुरडा-आमांशावर. पोटाचे प्रत्येक दुखणे म्हणजे आमांश नव्हे. दोन, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना घरच्या घरी काढा करून देऊ नये. तीन, हल्ली मधुमेहावर इंद्रजवाची पूड घेण्याची टूम निघाली आहे. कोणी घेत असेल तर डॉक्टरला सांगून घ्यावी, आणि चालू गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नये. कडू पदार्थाने साखर उतरते, हा हिशोब शरीर मानत नाही.

जुलाब झालेल्या मुलाला पहिल्यांदा काय द्यावे

हा मजकूर सर्वांत महत्त्वाचा आहे. कुड्याचे पाळ शोधण्यात आणि उगाळण्यात अर्धा दिवस जातो, आणि जुलाब होणाऱ्या लहान मुलाकडे कधी कधी तेवढा वेळ नसतो. जुलाबाने मूल दगावते ते बहुतेक वेळा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. जुलाब थांबविण्यापेक्षा पाणी भरून काढणे हे पहिले काम आहे.

आणि ते काम करणारी वस्तू आपल्याच कारखान्यात तयार होते. नुसते पाणी किंवा नुसते मीठपाणी जुलाबाच्या वेळी आतड्यात नीट शोषले जात नाही. सोबत साखर असली की ती मिठाला घेऊन आत जाते आणि त्यांच्यामागून पाणी जाते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी तोंडाने पाजण्यास सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या घरातून चारच्या खाली आले. आज सरकारी दवाखान्यात मिळणारी ओआरएसची पुडी ती हीच.

पुडी हाताशी असेल तर तीच वापरावी. नसेल तर घरी असे करावे : उकळून गार केलेले एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचे शिगोशीग भरू नयेत. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. चव आसवांपेक्षा खारट लागली तर ते पाणी टाकून पुन्हा करावे. मुलाला चमच्या-चमच्याने, थोड्या थोड्या वेळाने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्यावे. अंगावरचे दूध बंद करू नये, नेहमीचे खाणेही तोडू नये. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात जस्ताच्या गोळ्या मिळतात, त्या चौदा दिवस पूर्ण द्याव्यात.

शौचात रक्त असेल, डोळे खोल गेले असतील, मूल मलूल पडले असेल, लघवी बंद झाली असेल किंवा पाजलेले सर्व उलटून पडत असेल, तर उगाळणे-बिगाळणे बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

हे आम्ही उसाच्या वार्तापत्रात का लिहितो? तर हंगामात आपल्या शेताच्या कडेला तोडणी कामगारांच्या कोप्या पडतात. त्यांची लेकरे ओढ्याचे, पाटाचे पाणी पितात. आई-बाप पहाटे फडात जातात आणि मूल मोठ्या भावंडाच्या जिवावर तळावर राहते. तिथल्या मुलाला जुलाब लागले तर विचारायला येईल तो शेतमालकालाच. सभासदाच्या घरात ओआरएसच्या चार पुड्या असणे आणि तळाला पिण्याच्या स्वच्छ पाण्याची सोय असणे, हे पाचटाच्या आणि वाढ्याच्या हिशोबाइतकेच आपले काम आहे.

घरातले आणि शेतातले इतर उपयोग

औषधाखेरीज कुडा अनेक कामी येतो. कोकणात उन्हाळ्यात कुड्याच्या फुलांची आणि पावसाच्या आरंभी कोवळ्या शेंगांची भाजी करतात. शेंगा बारीक चिरून, उकडून, पाणी पिळून टाकायचे म्हणजे कडवटपणा उतरतो. मग कांदा आणि ओले खोबरे घालून परतायचे. थोडी कडसर चव राहतेच, आणि खाणाऱ्याला तीच हवी असते. मात्र शेंग कुड्याचीच आहे अशी माहितगाराची खात्री असल्याशिवाय चूल पेटवू नये.

रुंद पानांच्या पत्रावळी लावतात. फणसाची, वडाची, पळसाची तशी कुड्याची. कोकणातल्या कितीतरी कार्यांच्या पंगती या पानांवर उठल्या आहेत. लाकूड पांढरे, मऊ आणि एकसारख्या पोताचे, त्यामुळे फण्या, खेळणी, लहान कोरीव वस्तू यांना चालते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची रंगीत खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडाची असतात. वासे-तुळयांना मात्र कुडा उपयोगी नाही, तेवढी ताकद त्याच्या अंगी नाही.

शेतीच्या दृष्टीने सांगायचे तर उतारावरची माती धरून ठेवणे, हे त्याचे मोठे काम. मुळांपासून धुमारे फुटत असल्याने ओघळीच्या काठाला तो चांगली पकड देतो, आणि गुरे खात नसल्याने राखण लागत नाही. गळलेली पाने जागेवरच कुजतात. पण कुडा हवेतला नत्र जमिनीत आणत नाही. ते काम गिरिपुष्पाचे किंवा शेवरीचे. हिरवळीच्या खतासाठी बांधावर लावायचे असेल तर गिरिपुष्प लावावे, आणि ओघळ बांधायची असेल तर कुडा राखावा. ज्याचे काम त्याला द्यावे.

साल काढण्याची रीत

सालीला गिऱ्हाईक आहे म्हणून काही जण उभ्या झाडाची साल खोडाभोवती गोल सोलून काढतात. असे केले की पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाण्याची वाट तुटते आणि झाड उभ्या उभ्या वाळते. मुळाची साल हवी म्हणून सबंध झाड उपटणे त्याहून वाईट. त्या ठिकाणी पुढच्या पावसात माती वाहून जाते.

घरापुरती साल हवी असेल तर पूर्ण वाढलेल्या झुडपाची एखादी जाड फांदी किंवा अनेक खोडांपैकी एकच खोड जमिनीपासून वीतभर उंचीवर तिरके, स्वच्छ तोडावे आणि त्या तोडलेल्या खोडाची साल काढावी. बुंधा पुन्हा फुटतो. साल सावलीत वाळवून, कोरड्या डब्यात, झाडाचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी.

विक्रीचा विचार असेल तर आधी चौकशी करावी. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये झाडाची साल ही वनोपज म्हणून धरली आहे. वनखात्याच्या जमिनीतून विनापरवाना साल काढणे हा गुन्हा आहेच. स्वतःच्या मालकीतून काढली तरी वाहतुकीपूर्वी जवळच्या वनक्षेत्रपाल कार्यालयात विचारून घ्यावे. नंतर नाक्यावर हुज्जत घालण्यापेक्षा हे बरे.

राखावा कसा, लावावा कसा

सर्वांत स्वस्त लागवड म्हणजे असलेला कुडा राखणे. जांभ्याच्या चिरेखाणी, सपाटीकरण आणि नव्या बागा यांसाठी किनारपट्टीवर उतारच्या उतार यंत्राने खरवडले जातात. घाटावर आपण पाचट पेटवितो आणि आग बांधावर जाते. जुना बुंधा त्यातून वाचतो, पण बीपासून आलेले कोवळे रोप वाचत नाही. पाचट जाळू नका, सरीत आच्छादन करा, असे आम्ही खताच्या हिशोबाने सांगत आलो आहोत. बांधावरच्या झाडांचा हिशोबही त्यात धरावा.

नवीन लावायचा असेल तर थंडीच्या अखेरीस पिकलेल्या पण न तडकलेल्या शेंगा काढाव्यात. त्या कापडी पिशवीत वाळवाव्यात, नाहीतर बी घरभर उडते. झुपके काढून बी रात्रभर पाण्यात भिजवावे आणि माती, वाळू व शेणखत भरलेल्या पिशवीत पेरावे. रोपे पावसाच्या आरंभी ओघळीच्या काठी, पडीक कोपऱ्यात किंवा विहिरीच्या मागच्या उतारावर लावावीत. उसाच्या सरीलगत लावू नयेत. पाणी साचते तिथेही नको. पहिल्या वर्षी गवत काढले आणि आगीपासून जपले, की पुढे फारसे पाहावे लागत नाही.

थोडक्यात

— औषधाचा कुडा तो पांढरा कुडा. दोन-तीन खुणा जुळल्याशिवाय खात्री धरू नये.
— उन्हाळ्यात निष्पर्ण दिसला म्हणून वाळला समजून तोडू नये.
— उभ्या झाडाची साल गोल सोलू नये.
— जुलाबात प्रथम साखर-मीठ-पाणी किंवा ओआरएस, मग बाकीचे. रक्त पडले तर दवाखाना.
— पाचट पेटवू नये.

येत्या एप्रिल-मेमध्ये आपल्या बांधावर, ओढ्याकाठी किंवा कोकणातल्या पाहुण्यांच्या वाटेवर पांढऱ्या फुलांचे झुबके दिसले, तर जवळ जाऊन फुलाचे तोंड पाहावे. झालर नसेल तर पांढरा, असेल तर काळा. पावसाळ्यानंतर त्याच झाडाच्या शेंगा पाहाव्यात, म्हणजे ओळख पक्की होईल. खोडाला एखादी खूणचिंधी बांधून ठेवली, तर साफसफाईला आलेल्या गड्याच्या कोयत्यातून तेवढे झाड तरी वाचेल.